आधी झिजायचं कोणी?

पेठेतल्या जुन्या वाड्यात सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाची मुलं शिरली, की पाच मिनिटांत तो प्रश्न येतोच. "सर, याची स्ट्रेंग्थ किती?" एम-20 काँक्रीटचा ठोकळा 28 दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन भार सोसतो, हे त्यांना तोंडपाठ. चुन्याचा सांधा त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

सर उत्तर देत नाहीत. पिशवीतून विटेचा तुकडा काढून विचारणाऱ्याच्या तळहातावर ठेवतात. बोटानं चोळला की लाल पीठ.

तो तुकडा सरांच्याच चुकीचा. नोकरी नवी असताना त्यांनी एका वाड्याच्या दरजा सिमेंटनं भरून घेतल्या. काम देखणं झालं, शाबासकीही मिळाली. तीन पावसाळ्यांनी पाहिलं तर दरजा जशाच्या तशा आणि विटा आत गेलेल्या. भांडी काढून नेलेल्या फडताळासारखी भिंत. जोत्यातून चढणारी ओल आधी चुन्यातून वाळून जायची. सिमेंटनं ती वाट बुजवली. मग ओल विटेतून निघू लागली आणि तिच्याबरोबर आलेले क्षार विटेत स्फटिक होऊन पापुद्रे काढत राहिले. सांधा विटेपेक्षा दुबळाच हवा. झिजला तर पुन्हा भरता येतो. सगळं मजबूत करायला शिकलेल्या पोरांना हे पटवताना सरांचा घसा बसतो.

कात्रजला मात्र ती लगेच खुलतात. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी तिथल्या तलावाचं पाणी केवळ उताराच्या जोरावर पुण्यात आणलं. वाटेत हवा बाहेर पडायला ठेवलेले ते 'उसासे'. हायड्रॉलिक्सच्या तासाला पेंगणारेही तिथे उताराचं गणित मांडत बसतात.

चुन्यातल्या गूळ-बेलफळाच्या कथाही पोरांना फार आवडतात. सर त्यात वाहवत जात नाहीत. वाळूच नीट चाळली नसेल तर गूळ घालून काय होणार?

शेवटच्या दिवशी वाड्याच्या चौकात चुना मळायचा असतो. चुना आपला सावकाश. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत महिनोन्‌महिने पुन्हा चुनखडी होत राहतो. इतका धीर कुणाला? दरवर्षी एखादा पठ्ठ्या मूठभर सिमेंट हळूच टाकतोच. गवंडीकाका घमेल्यात डोकावतात, रंगावरूनच ओळखतात आणि घमेलं पालथं करतात.

"धुऊन आण. आणि वाळू पुन्हा चाळ."