तीस सेंटिमीटरचं मिराज

ग्वाल्हेरमध्ये वाढलेल्या मुलांना मिराज ओळखायला शिकवावं लागत नाही. महाराजपूरच्या तळावरून उडालेलं विमान डोक्यावरून पुढे जातं आणि गडगडाट मागून येतो. त्यामुळे प्लॅस्टिकचं मॉडेल करायचं ठरलं, तेव्हा विमान कुठलं हा प्रश्नच नव्हता. मिराज २०००, प्रमाण १:४८. खरं विमान १४.३६ मीटर लांब, म्हणून माझं जेमतेम ३० सेंटिमीटर. दिवसाचं कोडिंग संपलं, जेवणं झाली, की रोज एक तास त्याचा.

हे काम आतून बाहेर चालतं. आधी कॉकपिट, कारण धडाचे दोन अर्धे भाग एकदा जोडले की आत हात जात नाही. वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टे मी टेपच्या बारीक पट्ट्या कापून केले. जोडायचं सिमेंट फेव्हिकॉलसारखं नसतं. ते प्लॅस्टिकच थोडं विरघळवतं आणि दोन्ही भाग एकजीव होतात. मग सांध्यांवर पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, एअरब्रशने करडा रंग, वर चकचकीत वॉर्निश आणि त्यावर पाण्यात भिजवून सरकवलेली तिरंगी चक्रं.

शेवटचा टप्पा विमान 'वापरलेलं' दिसावं यासाठी. पत्र्यांच्या सांध्यांत पातळ काळा रंग सोडायचा, धुराचे डाग आणि तेलाचे ओघळ काढायचे. बाबा हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते, त्यातली काही वर्षं मिराजवरच. इतरांनी केलेल्या मॉडेलचे फोटो मी त्यांना दाखवले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी नीट पाहिलं.

"हे कोणाचं विमान? इतकं घाण विमान आम्ही सोडलं नसतं."

"बाबा, असं केलं की खरं वाटतं."

"ही रेघ केवढी आहे मोज."

साधारण ०.२ मिलिमीटर. गुणिले ४८, म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ एक सेंटिमीटर.

"बोट जाईल रे त्या फटीत!"

मग ते टेबलाशी बसले आणि खरा मळ कुठे असतो ते सांगू लागले. पंखाच्या मुळाशी, जिथे बूट पडतात. वारंवार उघडायच्या झाकणांच्या कडांना, स्क्रूभोवती रंग उडतो तिथे. पोटाखाली हायड्रॉलिक तेलाची एखादी रेघ. मागे नॉझलचा धातू तापून तपकिरी-निळा होतो. "बाकी सगळं पुसलेलं असतं. पुसणारा कोणीतरी असतो ना!"

१९९९ साली मी नऊ वर्षांचा होतो. कारगिलच्या लढाईत मिराजनी टायगर हिलवर लेझर-मार्गदर्शित बॉम्ब टाकले, हे नंतर सगळ्यांनी वाचलं. आमच्या घरात त्या उन्हाळ्याचा अर्थ एवढाच, की बाबा कित्येक आठवडे घरी नव्हते आणि आई रेडिओ बंद करू देत नसे. बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही. त्या रात्री मॉडेल हातात फिरवताना ते आपणहून म्हणाले, "विमान गेलं की आम्हाला काम नसायचं. पण बसवत नसे. गेली किती, आली किती, तेवढंच मोजायचो."

आणि लगेच विचारलं, "चाकं कधी लावणार?"

काळ्या रंगाऐवजी मी मूळ करड्याहून जरा गडद करडा वापरला, तोही अगदी पातळ. पंखाच्या मुळाशी बुटांचा मळ बाबांनी केला. पेन्सिलचं शिसं पॉलिश पेपरवर घासून, ती पूड बोटाने हलकेच चोळून. प्रदर्शनात ठेवलं तर लोकांना माझं मिराज फार स्वच्छ वाटेल. वाटू दे.

तुमच्या घरी कुणी रेल्वेत, गिरणीत किंवा एसटीच्या डेपोत आयुष्य काढलं असेल, तर त्या यंत्राचं मॉडेल आणा. रंगाची बाटली उघडण्याआधी त्यांना विचारा, मळ नक्की कुठे बसायचा? पुढचं ते स्वतःच सांगतील.