पुढे चालणाऱ्यांचं देणं

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात मी आरोग्यसेविका होते. तिथली बाळंतपणं सुखरूप झाली याचं श्रेय लोक मला देतात. त्यात मोठा वाटा ज्यांचा, त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत. सकाळी गाड्या सुटण्याआधी, नक्षलवाद्यांनी सुरुंग पेरलाय का हे पाहायला, रस्ता तपासत पायी जाणारे ते पोलीस. आम्ही त्यांना 'रोड ओपनिंगवाले' म्हणायचो.

सुरुंग बहुधा मोरीत नाहीतर रस्त्याखाली पुरलेला असायचा आणि त्याची वायर मुरमाखालून झाडीत गेलेली. म्हणून एक जण डिटेक्टरची तबकडी जमिनीलगत फिरवत पुढे आणि बाकीचे दोन्ही अंगांनी रानात शिरून वायर शोधत. फार सावकाश चालायचं हे काम.

एकदा कळा सुरू झालेल्या पहिलटकरणीला घेऊन अहेरीला निघालो, तर मोरीच्या अलीकडे जीप थांबवली. "थांबा जी सिस्टर, एवढं पाहून होऊ द्या." पोरीची सासू रडायला लागली. तो जवान गुडघ्यांवर बसला, पाचोळा हाताने बाजूला सारला आणि आडवा होऊन डोकं मोरीत घातलं. पंचविशीचा असेल. पाठीवर घाम वाळून शर्टावर मिठाचे पांढरे डाग पडलेले. बाहेर आल्यावर सासूशी माडियात दोन शब्द बोलला, तेव्हा कुठे ती शांत झाली. इथलाच मुलगा होता. 1990 मध्ये पोलिसांचं नक्षलविरोधी सी-60 पथक उभं राहिलं तेही अशाच स्थानिक पोरांच्या जोरावर. बाळ अहेरीच्या दवाखान्यात जन्मलं.

पुढे जाऊन वाट मोकळी करणाऱ्यांबद्दल एकदा वाचलं: दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या, त्याच्या आदल्या रात्री, 5 जून 1944 ला, कॅनडाची 16 सुरुंग काढणारी जहाजं ताफ्याच्या पुढे गेली. मागच्या हजारो जहाजांना मोकळी वाट मिळावी म्हणून. हे वाचताना मला सारखा मोरीत वाकलेला तो मुलगा दिसत होता.

सुरुंगाने काय होतं ते आमच्याच जिल्ह्यात दिसलं 1 मे 2019 ला, महाराष्ट्र दिनी. दादापूरला वाहनं जाळली म्हणून कुरखेड्याहून 15 पोलीस खासगी गाडीने तातडीने निघाले. जांभुळखेड्याजवळ सुरुंग फुटला. पंधराही जण गेले, गाडीचा चालकही गेला. आमची जीपही अशाच एका खासगी चालकाच्या भरवशावर चालायची. त्या जवानांना श्रद्धांजली वाहाल तेव्हा चालकाचंही नाव घ्या.