एडनचा काळा पाषाण

वासुदेव बळवंत फडक्यांचा पाठ संपला, की दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी विचारतोच, "सर, तुरुंगाचे दार उखडून निसटलेला माणूस पुन्हा सापडला कसा?" पुष्कळ वर्षे मी "पहारा कडक होता" एवढेच सांगत असे. एडनची भूरचना अभ्यासल्यावर ते उत्तर मला अपुरे वाटू लागले.

येमेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील हे बंदर म्हणजे मुळात एक विझलेला ज्वालामुखी. अरबस्तानची भूमी आफ्रिकेपासून दुरावत गेली, मध्ये एडनचे आखात उघडले आणि किनाऱ्यालगतच्या भेगांतून शिलारस वर आला. ही सुमारे ६० लाख वर्षांपूर्वीची गोष्ट. काही उद्रेकांत पातळ बेसाल्ट दूरवर वाहिला. काहींत सिलिकायुक्त दाट रस आला. दाट रसात वायू कोंडतात. त्यामुळे स्फोट होऊन राखेचे थर साचले. पुढे ऊनवाऱ्याने हा पर्वत झिजला, तरी त्याचे शमसान शिखर आजही सुमारे ५५० मीटर उंच आहे. जुने शहर ज्वालामुखीच्या कुशीतच वसले असून त्याचे नावही 'क्रेटर', म्हणजे ज्वालामुख, असेच आहे. भोवती काळेकभिन्न कडे, पुढे समुद्र आणि मुख्य भूमीशी जोडणारी वाळूची चिंचोळी पट्टी! पाऊस इतका तुटपुंजा, की पूर्वजांनी ताविलाच्या घळीत टाकी बांधून तो साठविला.

आपला सह्याद्रीही बेसाल्टचाच. वयाने मात्र दहापट थोरला. त्याच जातीच्या पाषाणाने येथे झरे दिले, रान दिले, फडक्यांना आसरा दिला. एडनच्या पाषाणापाशी देण्यासारखे काहीच नव्हते. तेथून पळणारा जाणार कोठे? १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्याच भूमीवर त्यांचा अंत झाला.

यंदा हे सारे फळ्यावर नकाशा काढून सांगितले. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, पण १८७९ साली ते पहिल्यांदा पकडले गेले, ते तर आपल्या विजापूरकडच्या देवर नावडगीला. तेथे कोठे वाळूची पट्टी होती?"

मी खडू खाली ठेवला. तेथे ते आजारी होते, थकून झोपले होते, एवढेच मला सांगता आले. भूगोल माणसाला कोंडू शकतो. परंतु रानावनाचा आसरा असलेला माणूस एकटा का पडतो, याचे उत्तर खडकात नसते. ते आपणच शोधावयाचे असते.