दगडावरची ओळ

आईच्या कबरीवर बसवायच्या दगडावर नाव आणि दोन तारखा कोरून झाल्या होत्या. खाली एक ओळ राहिली होती, आणि त्या एका ओळीवर आमचं घर अडलं होतं.

आई वसईची, कॅथलिक. पप्पा नगरचे, मिशन कंपाउंडमध्ये वाढलेले प्रॉटेस्टंट. लग्नानंतर चाळीस वर्षं ती मिस्साला गेली, ते उपासनेला गेले. त्यावरून घरात आवाज कधी चढला नाही. दगडावरून चढला. पप्पांना हवं होतं ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’. मामाला हवं होतं ‘हिच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा’. ती प्रभूजवळ पोचली, आता तिच्यासाठी मागायचं काय उरलं, असं पप्पांचं म्हणणं. मामा म्हणाला, “भावोजी, वाटेवरच्या माणसाला शिदोरी लागतेच ना?”

माझ्या हिंदू मैत्रिणीला हा वाद कळेना. आत्मा अमर आहे म्हणता, मग अडलं कुठे? अडतं ते देहापाशी. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आम्ही देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो असं म्हणतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तर स्पष्टच लिहून ठेवलं, की माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. हे वाचलं त्या रात्री मला रडू आलं. कारण मला आईचा नुसता आत्मा नको होता. सुक्या बोंबलांचा वास येणारे तिचे हात हवे होते, मांडी घालून बसताना गुडघ्यावर टेकायचा तो तळवा हवा होता. ते परत मिळणार, हा ख्रिस्ती आशेचा गाभा आहे. पण ते शेवटच्या दिवशी. तोवर ती कुठे?

इथे प्रेषित पौलच आपल्या पत्रांत दोन वाटा दाखवतो. थेस्सलनीकाच्या मंडळीत काही जण प्रभू परत येण्याआधीच वारले, मागे राहिलेले हवालदिल झाले, तेव्हा त्याने मेलेल्यांना झोपलेले म्हटलं. पुढे फिलिप्पैच्या लोकांना कैदेतून लिहिताना मात्र म्हणतो, इथून सुटून ख्रिस्ताजवळ असणं कितीतरी बरं. झोप की सहवास? प्रॉटेस्टंट सुधारक लूथरला झोपेची उपमा प्रिय होती. गाढ झोपलेल्याला तास मोजावे लागत नाहीत. उलट दुसरा प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विन, त्याने 1534 मध्ये, ऐन पंचविशीत, आत्मा झोपतो म्हणणाऱ्यांविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. पप्पांची ‘निद्रिस्त’ ओळ कॅल्विनला कितपत रुचली असती, कोण जाणे! आणि मामाची शिदोरी तर लूथर-कॅल्विन दोघांहून जुनी. संत ऑगस्टीनची आई मोनिका 387 साली ऑस्तियात मरणाला टेकली, तेव्हा तिने मुलांना सांगितलं, मला कुठेही पुरा, फक्त वेदीपाशी माझी आठवण ठेवा.

ह्या सगळ्यात मला जवळचा वाटतो तो एक म्हातारा पोप, जो चुकला असं सगळेच म्हणतात. फ्रान्समधल्या आव्हिन्योंला राहणारा बाविसावा जॉन. 1 नोव्हेंबर 1331, सर्व संतांचा सण. जवळपास नव्वदीला आलेल्या ह्या माणसाने प्रवचनात सांगितलं, की संतांनाही अजून देवाचं पूर्ण दर्शन झालेलं नाही. ते वेदीखाली विसावले आहेत, ख्रिस्ताच्या मानवी रूपाच्या सावलीत, आणि अंतिम न्यायाच्या दिवसाची वाट पाहत आहेत. गहजब झाला. पॅरिसचे धर्मपंडित उठले, फ्रान्सचा राजा सहावा फिलिप विरोधात गेला, ओकमच्या विल्यमने त्याला पाखंडी ठरवलं. 3 डिसेंबर 1334 रोजी मरणशय्येवरून जॉनने कार्डिनलांसमोर ते मत मागे घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. 29 जानेवारी 1336 रोजी त्याच्यानंतरच्या बाराव्या बेनेडिक्टने निकाल दिला: शुद्ध झालेल्या आत्म्यांना पुनरुत्थानाआधीच देवाचं समोरासमोर दर्शन होतं. कॅथलिक चर्च आजही तेच मानतं.

मीही ते मानते. आई अंधारात असेल, असं मला क्षणभरही वाटत नाही. पण जॉनने ‘वेदीखाली’ हा शब्द हवेतून आणला नव्हता. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात हुतात्म्यांचे आत्मे वेदीखालून देवाला विचारतात, अजून किती दिवस? त्यांना पांढरा झगा मिळतो आणि निरोप मिळतो, की थोडं थांबा, तुमच्या भावांची संख्या पुरी व्हायची आहे. इब्री लोकांच्या पत्राच्या अकराव्या अध्यायाचा शेवटही हेच सांगतो: अब्राहाम, मोशे यांसारखी माणसंसुद्धा आपल्यावाचून पूर्णत्वाला पोचायची नाहीत. दर्शन झालं असेल, पण पंगत अजून बसलेली नाही. पानं मांडली आहेत आणि घरचे सगळे यायचे आहेत. माझ्या आईला मी ओळखते. सगळे आल्याशिवाय तिने कधी घास तोंडात घातला नाही.

हे मी पप्पांना माझ्या परीने सांगितलं. पुस्तकातलं अर्धंमुर्धं, पंगतीचं मात्र पूर्ण. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. माझं म्हणणं त्यांना पटलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. संध्याकाळी त्यांनी मामाला फोन लावला आणि म्हणाले, “कोरणाऱ्याला अक्षरं जरा लहान काढायला सांग. दोन्ही ओळी मावतील.”

दोन्ही मावल्या.