सायकलीची राखण

माणसाने आजवर जी जी वाहने वापरली त्यांतील बहुतेकांना विसाव्यासाठी त्याने हक्काची जागा नेमून दिली होती. बैलांना गोठा होता, घोड्यांना पागा होती, मेण्यापालख्यांना वाड्याच्या देवडीत आडोसा होता, आणि मोटारींनाही, निदान सधनांच्या, स्वतःचे छप्पर असते. एक सायकलच अशी, की तिचा धनी तिला कचेरीच्या, गिरणीच्या वा शाळेच्या दाराशी सोडून आत निघून जातो आणि ती बिचारी दिवसभर उन्हापावसात, परक्यांच्या नजरेखाली, भिंतीला टेकून उभी राहते. त्यातून तिच्या ठायी एक विलक्षण दोष आहे: ती आपल्या चोराला स्वतःच पळवून नेते. तिजोरी चोरणाऱ्याला तिजोरीचे ओझे वाहावे लागते, भांडी चोरणाऱ्याला गोणपाट शोधावे लागते, गाय चोरणाऱ्याला गाईच्या चालीने चालावे लागते. सायकल चोरणाऱ्याला मात्र केवळ टांग टाकावयाची असते, आणि पुढच्या चौकात पोहोचेपर्यंत तो इतर शेकडो सज्जनांसारखाच एक कामावर निघालेला सज्जन दिसू लागतो.

हा दोष किती फळतो हे पुष्कळसे त्या त्या गावच्या जमिनीवर अवलंबून असते. सांगली ही कृष्णाकाठची सपाट, काळ्या मातीची नगरी. गणपती पेठेतून निघालेला मनुष्य विश्रामबागेवरून मिरजेपर्यंत पायडल मारीत गेला तरी त्याला म्हणण्यासारखा चढ लागत नाही, आणि म्हणूनच माधवनगरच्या कापडगिरणीपासून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत कित्येक पिढ्यांच्या कामगारांनी हँडलला जेवणाचा डबा अडकवून आपली उमेदीची वर्षे याच वाहनावर काढली. साताऱ्याचे तसे नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या त्या गावात सायकलीवर बसणे जितके घडते तितकेच सायकल हातात धरून चालणेही घडते. सांगलीचा चोर दाही दिशांना जाऊ शकतो, साताऱ्याचा चोर बहुधा उताराच्याच बाजूने जाणार, असा माझा एक अशास्त्रीय सिद्धांत आहे. पोलीस खात्याने त्याची दखल घेतल्याचे अद्याप ऐकिवात नाही.

सायकलीच्या मागच्या चाकाला नालेच्या आकाराचे जे कुलूप जन्मापासून बसविलेले असते त्याच्यावर आपल्या लोकांचा अपार विश्वास. दांडी सरकवावी, ती चाकाच्या तारांमधून आडवी जावी, ‘खट्’ असा आवाज व्हावा आणि किल्ली खिशात टाकून धन्याने निश्चिंत मनाने जिना चढावा, हा विधी मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्या कुलपाने चाक फिरेनासे होते, यात संशय नाही. परंतु चाक फिरेनासे होणे निराळे आणि सायकल हलेनाशी होणे निराळे. दोन धट्टेकट्टे पुरुष आणि मागे उघडा टेंपो एवढा सरंजाम असला की कुलूप जसेच्या तसे शाबूत राहून सायकल नाहीशी होते. दुकानात शिरून चहाची पुडी घेऊन बाहेर येण्याइतका वेळ ते कुलूप पुरते. सकाळच्या दहापासून सायंकाळच्या सहापर्यंत त्याच्यावर विसंबणे हे त्याच्या प्रकृतीला झेपणारे नाही.

म्हणून जाणती माणसे साखळी बाळगतात, आणि ती नुसती पुढच्या चाकात गुंफीत नाहीत, कारण पुढचे चाक दोन नट सैल केले की सुटते आणि मग साखळीला बांधलेले एकुलते एक चाक मागे राहून उरलेली सायकल परागंदा होते. साखळी सांगाड्याच्या त्रिकोणातून, मागच्या चाकातून आणि जमिनीत पक्क्या रोवलेल्या एखाद्या वस्तूतून, अशी तिहेरी जावी. प्लॅस्टिकच्या आवरणातला रंगीत तारेचा दोर दिसावयास देखणा. पण तारा तोडण्याच्या साध्या पकडीपुढेही त्याचा निभाव लागत नाही. कडक पोलादाची साखळी बरी, वाकविलेल्या पोलादी दांड्याचे इंग्रजी यू अक्षरासारखे कुलूप त्याहून बरे. मात्र दोन्ही जमिनीपासून उंच असावीत, कारण जमिनीवर लोळणाऱ्या कुलपाला खालची फरशीच ऐरण होते आणि घणाचा प्रत्येक घाव सार्थकी लागतो. किल्लीचे भोक खाली वळवून ठेवावे, म्हणजे साताऱ्याचा पाऊस आत मुरत नाही. इतके करूनही अभिमान बाळगू नये. 2004 साली अमेरिकेत असे उघडकीस आले, की एका नामांकित कंपनीची महागडी कुलपे साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात! लेखणीच्या सामर्थ्यावर आम्ही लेखकांनी आजवर पुष्कळ भाषणे केली, पण तिचा हा पराक्रम आमच्या ध्यानी आला नव्हता.

साखळी कशाला बांधावी हाही प्रश्न सोपा नाही. वाहतुकीच्या पाटीचा खांब बुटका असतो, सायकल उचलून त्याच्या माथ्यावरून काढता येते. कोवळे झाड चोर बिनदिक्कत मोडतो आणि मग एका गुन्ह्याचे दोन होतात. फाटकाचे गज मजबूत दिसतात, पण पुष्कळ फाटके नुसती बिजागरीवर ठेवलेली असतात. वडाच्या खोडाला कवेत घेईल अशी साखळी अजून कोणी घडविलेली नाही. मात्र जमिनीत उतरून दंडाएवढ्या जाड झालेल्या पारंबीला बांधलेली एक दूधवाल्याची सायकल मी कृष्णाकाठी पाहिली आहे, आणि इतकी प्रशस्त व्यवस्था कोणत्याही नगरपालिकेने केलेली माझ्या पाहण्यात नाही. त्यातून सायकल वाचली तरी तिचे अलंकार वाचतातच असे नाही: घंटी जाते, दिवा जातो, पंप जातो, एके काळी डायनॅमो जात असे. जुने शिक्षक याच न्यायाने वागत. वर्गावर जाताना ते व्हॉल्व्हमधली रबरी नळीच काढून खिशात ठेवीत, आणि मग पंक्चर सायकल हाकीत पळणाऱ्या चोराचे काय व्हावयाचे ते होवो.

कागदोपत्री बंदोबस्ताचीही एक परंपरा होती. आपल्या अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर बसवीत आणि त्याची पोच म्हणून धातूचा क्रमांकित बिल्ला देत. तो बिल्ला नसलेली सायकल रस्त्यात अडविली जाई आणि रात्री बिनदिव्याने जाणाऱ्याला तर शिपायाची शिटी हमखास ऐकावी लागे. लोकांनी त्या कराचा मनःपूर्वक तिरस्कार केला. पण त्या बिल्ल्यामुळे प्रत्येक सायकलीची सरकारदप्तरी एक नोंद राही, हे तो कर गेल्यावर लक्षात आले. आता धन्यापाशी उरते ती खरेदीची पावती आणि सीटखालच्या नळीवर किंवा पायडलच्या आसाखाली ठोकलेला क्रमांक. तो क्रमांक टिपून ठेवणारा मनुष्य विरळा! आपली सायकल शंभरांत ओळखू, अशी प्रत्येकाची खात्री असते. परंतु फिर्याद देण्यास गेल्यावर ठाणे अंमलदार क्रमांकच विचारतो, आणि ‘काळी, चोवीस इंची, घंटी जरा घोगरी’ या वर्णनाने पंचनामा भरत नाही. पोलीस ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून गंजत पडलेल्या सायकलींचा ढीग पाहावा. त्यांतल्या कित्येक चोरांच्या हातून सुटल्या, पण धन्याला आपला हक्क शाबीत करता न आल्याने त्यांची सरकारजमेतून सुटका झाली नाही.

कायद्याने आपल्या परीने कसूर केलेली नाही. 1860 च्या दंडसंहितेच्या 378 व्या कलमाने असे ठरविले होते, की जंगम वस्तू धन्याच्या संमतीवाचून, लबाडीने नेण्याच्या हेतूने, नुसती हालविली तरी चोरी पुरी होते. सायकल स्टँडवरून खाली उतरली की गुन्हा घडला, मग ती चार पावले जावो की चार कोस. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ही व्याख्या कायम ठेवून 303 व्या कलमात एक नवी तरतूद केली: चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, अपराध्याला प्रथमच दोषी ठरविलेले असेल आणि त्याने माल किंवा त्याचे मोल परत केले असेल, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा द्यावी. कामावर ये-जा करणाऱ्याची चारसहा पावसाळे खाल्लेली सायकल या मर्यादेत अलगद बसते.

कायद्याआधी आपल्या गावगाड्याची स्वतःची राखण होती. एल्फिन्स्टनने 1819 साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्यांची ही रीत नमूद आहे: चोरी झाली की जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जावे, तो पुढच्या गावात शिरला असे दाखवून द्यावे, आणि मग ती जोखीम त्या गावच्या जागल्याने अंगावर घ्यावी, माग ज्या शिवारात मुरला तेथे भरपाईचे उत्तरदायित्व मुरले. सायकलीच्या चाकाचा अखंड रेघेसारखा ठसा या माणसांना मिळाला असता तर त्यांनी तो किती लीलेने वाचला असता, याची मला नेहमी कल्पना करावीशी वाटते. ज्या रामोशी समाजाने ही राखण पिढ्यान्‌पिढ्या केली, त्यालाच पुढे इंग्रजी अमलात सरसकट संशयिताच्या पंक्तीत बसविण्यात आले, हा अन्याय आपण मराठी माणसांनी पुरेसा मनाला लावून घेतलेला नाही.

चोर आणि राखणदार यांच्यातील अंतर आपण समजतो तितके नसते. व्हित्तोरिओ दे सिकाचा 1948 चा ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा चित्रपट 1952 साली मुंबईच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. त्यातला रोममधला गरीब मनुष्य आपली चोरीस गेलेली सायकल दिवसभर शोधतो आणि शेवटी स्वतःच दुसऱ्याच्या सायकलीला हात घालतो. हेच अंतर उलट दिशेने ओलांडल्याची उदाहरणे आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत आहेत, आणि गंमत अशी, की त्यांतल्या पहिल्याचा उगम सायकलीच्या दुकानात होतो. लक्ष्मणराव आणि रामूअण्णा या किर्लोस्कर बंधूंनी 1888 साली बेळगावात सायकलींची विक्री-दुरुस्ती सुरू केली. तो रस्ता आजही किर्लोस्कर रोड म्हणूनच ओळखला जातो. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर घेऊन ते 1910 साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर आले, आणि निवडुंगाने भरलेल्या त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. या वसाहतीची राखण कोणी करावी? ज्यांच्या नावाचा पंचक्रोशीत दरोडेखोर म्हणून दरारा होता, त्या पिऱ्या मांग आणि तुकाराम रामोशी यांच्या हाती लक्ष्मणरावांनी ती सोपविली. नावांमागे जात चिकटवून ओळखल्या गेलेल्या या दोघांनी तो विश्वास सांभाळला.

त्याच औंध संस्थानाने 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या वसाहतीत कैद्यांना तटबंदीवाचून ठेवले, कसावयास शेती दिली, कुटुंबासह राहू दिले. आटपाडीकडचेच ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि 1957 साली शांतारामबापूंनी त्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सामुदायिक सेवेची जी तरतूद नव्या संहितेत शिरताना आपण कौतुकाने पाहिली, तिच्यामागचा विचार आटपाडीच्या दुष्काळी माळावर इतक्या आधी नांगरून झालेला होता.

या साऱ्यावरून कुलपे निरुपयोगी आहेत असे कोणी समजू नये. मला कुलूप हे नको असलेल्या पाहुण्याला ओसरीवर बोलण्यात गुंतवून ठेवणाऱ्या आजीसारखे वाटते: ती त्याला हाकलू शकत नाही, पण घरातले कोणी जागे होऊन बाहेर येईपर्यंत त्याला आत पाऊलही टाकू देत नाही. जागे होणारे कोणी असले पाहिजे, एवढीच अट. भिंतीवरचा कॅमेरा सर्व काही पाहतो. परंतु तो ‘कोण रे तू?’ असे विचारीत नाही. सायकल स्टँडवरचा म्हातारा विचारीत असे. सीटवर खडूने आकडा घालून त्याच आकड्याचे टोकन हातात ठेवणारे ते स्टँड चित्रपटगृहांबरोबर उठत चालले, आणि त्यांच्या जागी मोटारींसाठी पट्टे आखले गेले. या व्यवहारात सायकलवाल्याला कोणी विचारले नाही.

मागे एकदा साताऱ्याच्या मोती चौकातून एक गृहस्थ, किल्ली हरवलेली सायकल मागच्या बाजूने उचलून धरीत, भर बाजारातून पुढच्या चाकावर ढकलत नेत होते. शर्ट घामाने निथळत होता आणि कुलूप उघड्या डोळ्यांना दिसत होते. भाजीवाल्यांनी त्यांना वाट करून दिली, एकाने तर मागून हातही लावला, आणि सायकल दुरुस्तीवाल्याने हातोडीच्या दोन ठोक्यांत कुलूप तोडून पैसे मागितले. सायकल कोणाची, हे अखेरपर्यंत कोणीही पुसले नाही. तीच सायकल जर एखाद्या खेड्याच्या फाट्यावर, जेथे पंचक्रोशीतले लोक चहाच्या टपरीसमोर सायकली लावून एसटीने शहरात कामाला जातात, तेथून धन्याच्या सख्ख्या पुतण्याने सोडविली असती, तर टपरीवाल्याने उकळता चहा तसाच ठेवून त्याला हटकले असते, ‘आरं, ही तात्यांची सायकल न्हवं? किल्ली कुणी दिली तुला?’, बाकावरच्या दोघांनी त्याच्या बापाचे नाव विचारून घेतले असते, आणि संध्याकाळच्या गाडीतून तात्या उतरले की चहा पुढे येण्याआधी त्यांना पुतण्याचा सारा जबाब ऐकून घ्यावा लागला असता.