बोरघाट आणि वल्हांडण

लोणावळ्याला निघालेला मुंबईकर कर्जत आले की बटाटेवड्याकडे धाव घेतो. गाडीला जादा इंजिने कधी जोडली, याचा त्याला पत्ताही नसतो. बोगद्यांत मुले आरोळ्या ठोकतात, खंडाळ्याला गार झुळूक येते आणि चिक्की किती घ्यायची याची चर्चा सुरू होते. चालायचेच, सहलीला आणखी काय हवे!

चैत्रात मात्र या वाटेवर मला हटकून वल्हांडण आठवते. हा आपल्या बेने इस्रायल बांधवांचा सण. कोकणात आपण त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत आलो, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद! पुढे त्यांतली कित्येक घरे फौजेत, रेल्वेत, कचेऱ्यांत शिरली आणि पुण्यातही स्थिरावली. मिसर देशातल्या गुलामीतून पूर्वज सुटले, त्याची ही आठवण. जुन्या पिढीत याला ‘अनाशी ढाकायचा सण’ म्हणत. आंबट रसाचे भांडे झाकून ठेवायचे, म्हणून. त्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, १८७४ साली पुण्यातच मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातले एक चित्र पाहण्याजोगे आहे: लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकऱ्या करताहेत. मिसरातली गोष्ट, पण स्वयंपाकघर अगदी आपले!

दास्याची चव विसरू नये म्हणून त्या रात्री कडू भाजी खातात. सुटलेल्या माणसाने कडू का खावे, असे एखादे पोर विचारणारच. विचारावे, म्हणून तर ती ताटात असते.

आणि घाटात ही गोष्ट आठवते ती उगाच नव्हे. मिसरात विटा पाडणारे राबले, तसे इथे डोंगर फोडणारे राबले. १८५६ ते १८६३ या काळात हा लोहमार्ग झाला. पंचवीस बोगदे, दऱ्यांवरचे पूल. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर कामावर होते. पटकीने त्यांतले हजारो दगावले. १८५९ च्या जानेवारीत तर रखडलेल्या मजुरीवरून दंगा झाला. अभियंता बर्कले, कंत्राटदार ट्रेडवेल ही साहेबांची नावे ग्रंथांत सापडतात. सुरुंग ठासणाऱ्याचे नाव कोण विचारतो? त्यांची पोथी कुणी लिहिली नाही.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल घरे इस्रायलला गेली. तिथून त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही चालवले. मागे राहिलेल्यांची २०२० ची वल्हांडण ८ एप्रिलच्या संध्याकाळी आली. त्याच दिवशी आपली हनुमान जयंती. साथीमुळे मारुतीचे देऊळ बंद आणि पुण्याचे ‘लाल देऊळ’, म्हणजे त्यांचे प्रार्थनामंदिर, तेही बंद. सुटकेच्या शुभेच्छा द्यायच्या, त्या बंद दाराआडून. घाटातल्या प्रवासी गाड्या थांबलेल्या होत्या आणि शहरांतले मजूर डोक्यावर बोचकी घेऊन पायी गावाकडे निघाले होते. मावळात तेव्हा भातखाचरे उघडी असतात आणि शेतकरी राब भाजत असतो, पुढच्या पेरणीसाठी.