आधी काळोख, मग उजेड

उतारवयात माणसास कसले वेड लागेल ह्याचा नेम नसतो. कोणी गुलाबाची कलमे बांधतो, कोणी जुनी नाणी जमवितो; आम्हांस प्रोजेक्टरचे वेड लागले. त्याला निमित्त मात्र आमच्या मातोश्रींचे झाले. त्यांची दृष्टी अलीकडे मंदावली आहे. दूरदर्शन संचावरील माणसे त्यांना मुंग्यांएवढी दिसतात, आणि आवाजावरून कोण बोलत आहे हे ताडण्याचा त्यांस कंटाळा येतो. एके दिवशी त्या म्हणाल्या, "थेटरात माणसाचं तोंड केवढं दिसायचं रे!" ते वाक्य आमच्या मनात घर करून राहिले.

आमचे घर ग्वाल्हेरीस, लष्कर भागात. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. तो तळ उठलाच नाही, म्हणून त्याचे शहर झाले. त्या छावणीबरोबर आलेल्या मराठी घरांपैकी आमचे एक. भिंती दीड हात जाडीच्या, छत दगडी पट्ट्यांचे आणि चौदा फूट उंच. अशा घरात थंडावा भरपूर मिळतो. पण नव्या यंत्राची सोय पाहून ते कोणी बांधलेले नव्हते.

दुकानात गेलो तेव्हा आम्हांस एकच प्रश्न विचारण्यात आला : "कितने इंच?" जणू मोठेपणा हाच चित्राचा एकमेव गुण! शंभर इंची पडदा म्हणजे कर्णाचे माप, हे तेथे कळले. प्रत्यक्षात तो सुमारे सव्वासात फूट रुंद आणि चार फुटांहून किंचित अधिक उंच भरतो. आम्ही पडद्याचा कर्ण दुप्पट करण्याच्या विचारात होतो. परंतु तेवढाच उजेड चौपट जागेवर पसरला की तो चौथाई होतो, हे गणित घरी कागदावर मांडल्यावर हाव आपोआप आवरली. शिवाय निवडलेल्या यंत्रास पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागत होते, म्हणजे अकरा फूट. आमच्या माजघराची रुंदी बारा. घरानेच आमच्या वतीने निवड करून टाकली.

पडद्याच्या कापडातही प्रकार होते. एक चकचकीत, समोर बसणाऱ्यास झळाळून दिसणारे; पण बाजूस सरकावे तो चित्र मलूल होई. आमच्याकडे भिंतीच्या कडेकडेने दहा माणसे बसणार. म्हणून साधे, बिनचमकीचे पांढरे कापड घेतले. ते उजेड सर्वांस सारखा वाटून देते. घरातील वडीलधाऱ्या माणसाचा हाच गुण असावा, असा एक सुविचारही आम्हांस त्या वेळी सुचला.

खरी फजिती पुढेच होती. यंत्र बसविण्यास आलेल्या कारागिराने ते छताला दांडी लावून टांगले. चित्र उमटले, आणि क्षणभराने ते थरथरू लागले. आमचा पंखाही त्याच छतावरून लांब दांडीने खाली आलेला. त्याची पाती बरोबर उजेडाच्या वाटेत फिरत होती! ग्वाल्हेरीत मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. पंखा बंद करून चित्र पाहण्यापेक्षा चित्र बंद करून पंखा पाहणे लोक पसंत करतील. अखेर यंत्र उतरविले आणि मागच्या भिंतीवर सात फुटांवर फळी ठोकून तिच्या खाली उलटे अडकविले. त्याची काच पडद्याच्या वरच्या कडेशी समपातळीत आली, पंखा वर राहिला, माणसे खाली राहिली. यंत्र तिरपे करून चित्र सरळ करण्याची कळ त्यात आहे. पण तिने चित्राची तीक्ष्णता थोडी मारली जाते. यंत्रच सरळ ठेवणे उत्तम.

एवढे करूनही चित्र फिके दिसे. अधिक उजेडाचे महागडे यंत्र आणावे की काय, ह्या चिंतेत आम्ही असता सूनबाई हसून म्हणाल्या, "पयलीं काळोख करात, बाबा, मागीर उजवाड हाडात." त्या मडगावच्या. त्यांच्या कोंकणीत आम्हांस आमची चूक नेमकी कळली. प्रोजेक्टर उजेड टाकू शकतो. काळोख टाकू शकत नाही. पडद्यावरचा काळा रंग म्हणजे जेथे उजेड पडला नाही असा पडदा, आणि तो खोलीत जितका अंधार असेल तितकाच काळा. काळा रंग घरानेच पुरवावयाचा असतो! आम्ही झरोक्यांना जाड गडद पडदे शिवले, आणि चित्र एका रात्रीत पालटले.

१८९२ साली कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी काचेवर रंगविलेली चित्रे कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर हलवून दाखविली आणि त्या खेळाला 'शांभरिक खरोलिका' म्हटले. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९१३ साली आला. यंत्रे बदलली, पण प्रेक्षकांनी एकत्र येऊन दिवे मालवावयाचे ही अट बदलली नाही.

आणि नेमकी हीच अट आमच्या घरात अवघड होती. मातोश्री गेल्या वर्षी तिन्हीसांजेस चौकात पडल्या. तेव्हापासून अंधाराचे नाव काढताच त्यांचा हात खुर्चीचा कठडा घट्ट धरतो. ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, त्यांनाच काळोखात बसविणे आमच्या जिवावर आले. शेवटी त्यांच्या खुर्चीमागे, जमिनीलगत, एक लहान दिवा आडोशास ठेवला. पायापुरता उजेड, पडद्यापर्यंत बहुधा पोहोचणार नाही असा.

पहिल्या रात्री 'संत तुकाराम' लावला. 'प्रभात'चा हा चित्रपट १९३६ सालचा. त्या काळची चौकट आजच्याहून चौरस. म्हणून पडद्याच्या दोन्ही बाजूंस काळे पट्टे राहिले. नातवाने "बिगड़ गया क्या?" असे विचारले. मातोश्रींना काही बिघडलेले दिसले नाही. विष्णुपंत पागनिसांचा चेहरा त्यांच्या पुढ्यात हातभर मोठा होता. गौरीबाईंनी उभी केलेली तुकारामांची कजाग, कष्टाळू बायको बोलू लागली की त्या आधीच हसत. नातवाला मराठी कळते, पण तो बोलतो हिंदी. आजीने त्याला शब्दाशब्दाचा अर्थ सांगण्यास आरंभ केला, आणि आम्ही कोणी त्यांना गप्प बसा म्हटले नाही. पुढच्या खेपेस सूनबाईंच्या यादीतला १९६६ चा कोंकणी 'निर्मोण' लागावयाचा आहे. तेव्हा अर्थ सांगण्याचे काम त्यांच्याकडे.

त्या लहान दिव्याचा उजेड थोडासा पोहोचतोच. चित्राचा खालचा डावा कोपरा किंचित करडा दिसतो. जाणकार पाहुण्यांच्या तो चटकन नजरेस येतो व ते उपायही सुचवितात. आम्ही त्यांचे आभार मानतो. तो कोपरा मात्र आम्ही तसाच ठेवला आहे.